ईटी-टिटॅनसची लस, तीन वेतं वापरून झाल्यावर: ५ पैकी ४ स्टार

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. माझ्याकडे अकरा शेळ्या, एक बोकड आणि या घडीला नऊ करडं आहेत, आणि हा रिव्ह्यू त्या लसीचा आहे जिला आम्ही सगळे नुसतं "ईटीची लस" म्हणतो, ईटी म्हणजे एन्टरोटॉक्सिमिया, आपल्याकडचा आंत्रविषार. बाटली नीट वाचली तर ती तीन गोष्टींवर आहे, क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स नावाच्या जंतूचे टाइप सी आणि टाइप डी हे दोन प्रकार, आणि धनुर्वात. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण दोन वेगवेगळ्या कंपन्यांची वापरली आणि मला तरी दोन्हीत काही फरक जाणवला नाही. लोक विचारतात कुठली घेऊ, पण खरं अडतं ते द्यायची का आणि द्यायची तर कधी यावर, आणि तिथे मी स्वतः इतक्या वेळा घोळ घातलाय की आता लिहूनच टाकते.

लस घेण्याआधीच्या वेताला माझी दोन करडं गेली. त्यातलं एक कसं गेलं ते सांगते, कारण त्याशिवाय ही लस कशासाठी आहे ते कळणार नाही. जेमतेम दोन महिन्यांचा बोकड होता, एकटाच जन्मलेला, म्हणजे दोन्ही सडांचं दूध त्यालाच, अंगाने असा भरलेला की येणारा जाणारा बघून म्हणायचा याला काय घालता. संध्याकाळी भरड्याच्या पोत्याचं तोंड मी बांधायची विसरले. मीच, दुसऱ्या कोणाची चूक नाही. सकाळी बघते तर पोतं लवंडलेलं, बाकीची करडं नुसती फुगून सुस्त बसलेली आणि हा आडवा पडलाय, मान मागे ताणलेली, चारी पाय हवेत सायकल चालवल्यासारखे हलतायत, मधेच असा ओरडायचा की अंगावर काटा यायचा. डॉक्टर येईपर्यंत संपलं होतं. आदल्या संध्याकाळी ते उड्या मारत होतं हो.

डॉक्टरांनी सांगितलं ते असं की हे जंतू बाहेरून आलेले नाहीत, ते तसेही शेळीच्या आतड्यात थोडे थोडे असतातच आणि एरवी काही करत नाहीत. अचानक भरपूर धान्य, भरपूर दूध किंवा पाऊस पडल्यावरचं कोवळं लुसलुशीत गवत एकदम पोटात गेलं की न पचलेलं पीठ, म्हणजे स्टार्च, आतड्यापर्यंत उतरतं, त्यावर हे जंतू माजतात आणि विष सोडतात, आणि ते विष रक्तात शिरलं की मेंदूपर्यंत जातं. म्हणून याला आंत्रविषार म्हणतात. आणि म्हणून यात बरेचदा आधी जातं ते कळपातलं सगळ्यात तगडं, सगळ्यात खादाड करडू. मरतुकडं राहतं मागे. औषधाला वेळच मिळत नाही, काही तासांचा खेळ असतो, त्यामुळे जे करायचं ते आधीच.

आता आमच्या सासूबाईंचं म्हणणं. त्या म्हणाल्या, "अगं आमच्या वेळी कुठे होत्या लसी, तेव्हा काय शेळ्या जगत नव्हत्या?" मला पहिल्यांदा राग आला, पण त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. त्यांच्या शेळ्या दिवसभर झाडपाला ओरबाडत फिरायच्या, धान्य असं त्यांना दिसायचंच नाही, तर मग जंतू माजणार कशावर? आम्ही खुराक सुरू केला, करडं लवकर वजनाला यावीत म्हणून भरडा वाढवला, आणि त्याबरोबर हा आजार घरात घेतला. म्हणजे खाणं बदललं तेव्हाच लस सुरू करायला हवी होती, ती मी दोन करडं गमावून केली. सासूबाईंना मी एवढंच म्हटलं की तुमच्यासारखं चारायला मला जमणार असेल तर बघू. नंतर हेही कळलं की नुसत्या चरणाऱ्या कळपातही नवीन गवत फुटल्यावर हे होऊ शकतं, त्यामुळे तो वाद तिथेच मिटला, निदान माझ्या बाजूने तरी.

द्यायची का नाही हे ठरवताना मी एकच गोष्ट बघते, आजार येतो कुठून. भेटेल त्याने व्हॉट्सअपवर लसींची लांबलचक यादी पाठवलेली असते, दहा नावं असतात, आणि माणूस घाबरून एकतर सगळ्या द्यायला निघतो नाहीतर एकही देत नाही. मी त्या यादीचे तीन ढीग केले. पोटातून येणारे, मातीतून येणारे आणि बाहेरून दुसऱ्या जनावराबरोबर येणारे. ईटी पोटातला. धनुर्वात मातीतला, त्याचे बीजाणू जमिनीत, शेणात वर्षानुवर्षं पडून असतात आणि जखमेतून आत शिरतात, खच्चीकरणाची रबर रिंग, शिंगं जाळणं, कानाला बिल्ला मारणं, अगदी नाळेतूनही. हे दोन आजार तुम्ही गेटला कुलूप लावून थांबवू शकत नाही. तुमच्याकडे दोनच शेळ्या असोत, बाहेरचं जनावर कधी आलेलं नसो, तरी ते आहेतच. म्हणून "माझ्या दोनच शेळ्या आहेत, मला कशाला लस" म्हणणाऱ्यालाही मी ही एक लस घ्याच म्हणते. बाकीच्यांबद्दल वाद घाला, हिच्याबद्दल नको.

तिसरा ढीग वेगळा. पीपीआर म्हणजे शेळ्यामेंढ्यांचा प्लेग, देवी, लाळ्या खुरकूत, हे दुसऱ्या जनावरांकडून येतात. तुमच्या भागात तो आजार आहे का, तुम्ही बाजारातून जनावर आणता का, चरायला दुसऱ्या कळपात मिसळतात का, बोकड कुठून भाड्याने येतो का, यावर सगळं अवलंबून. पीपीआर जिथे आहे तिथे ती लस सोडू नका, तो आजार कळपात शिरला की निम्म्याच्या वर जनावरं झोपवू शकतो, नाकातोंडातून घाण, तोंडात फोड, हगवण, न्यूमोनिया. १९४२ मध्ये आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्टमध्ये पहिल्यांदा नोंद झालेला हा आजार, गायीगुरांच्या बुळकांडीच्या विषाणूचाच भाऊबंद. बुळकांडी २०११ मध्ये जगातून संपली असं जाहीर झालं आणि आता पीपीआर २०३० पर्यंत संपवायचं ठरवलंय. त्याची लस मात्र कमालीची चांगली, एकच डोस, ३ वर्षं तरी काम करते. पण जिथे हा आजार नाहीच अशा देशांत ती देत नाहीत, कारण लस दिलेल्या शेळीचं रक्त तपासलं तर आजार होऊन गेलेल्या शेळीसारखंच दिसतं आणि मग आजार आलाय का नाही हेच ओळखता येत नाही. म्हणजे तीच लस एका ठिकाणी अगदी हवीच आणि दुसऱ्या ठिकाणी चालतच नाही.

आणि एक लस तर अशी आहे की चुकूनही उगाच देऊ नये. ओठांवर, सडांवर खपल्या येतात तो मावा, ज्याला ऑर्फ म्हणतात, त्याची लस जिवंत विषाणूची असते, कातडी खरवडून लावतात, आणि ज्या वाड्यात तो आजार नाही तिथे ती लावली तर तुम्ही स्वतःच्या हाताने तो आजार वाड्यात आणून सोडला. खपल्या गळून पडतात आणि त्यातला विषाणू महिनोन्महिने टिकतो. माणसाच्या हातालाही होतो. एका ओळखीच्यांनी "मोफत मिळत होती म्हणून" लावून घेतली, पुढचं मी सांगत नाही.

ईटीच्या लसीत तसलं काही भय नाही कारण त्यात जिवंत काही नसतंच, विषाची धार मारून टाकलेली असते आणि शरीर त्याच्यावर सराव करतं. त्यामुळे लसीमुळेच ईटी झाला असं होऊ शकत नाही. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो म्हणून लिहिलं.

आता कधी द्यायची, आणि इथे मी सगळ्यात जास्त चुकले.

पहिल्या वर्षी मी काय केलं तर करडं जन्मली, आठ दिवसांची झाली, टोचून टाकली, झालं, वहीवर टिक. कोणी सांगितलं नव्हतं की त्या वयात करडाचं अंग लसीला नीट साथच देत नाही. आणि आईला लस दिलेली असेल तर आणखीच गंमत, आईच्या चिकातून आलेली ताकद करडाच्या रक्तात फिरत असते आणि तीच लसीला खाऊन टाकते. म्हणजे लस गेली वाया आणि मी निर्धास्त. म्हणून करडाची लस ही खरं तर करडू जन्मायच्या आधी सुरू होते, गाभण शेळीपासून.

शेळीच्या पोटात असताना आईची रोगप्रतिकारशक्ती पिल्लाकडे जात नाही, वार तशी नसते तिची, माणसासारखी. करडू जन्मतं ते अगदी कोरं. सगळं मिळतं ते चिकातून. आणि त्याचं आतडं ते शोषून घेतं ते जन्मल्यापासून पहिले काही तास, तासागणिक कमी होत जातं आणि २४ तासांनंतर दार बंदच. त्यामुळे व्यायच्या साधारण ४ ते ६ आठवडे आधी शेळीला लसीचा डोस दिला की चीक तयार होताना त्यात ती ताकद उतरते. शेळीचे दिवस साधारण १५०, म्हणजे फळल्याची तारीख लिहून ठेवली असेल तर १०८ ते १२२ दिवसांच्या मधे. तारीख माहीत नसेल तर कासेवर लक्ष ठेवा, पण तो अंदाजच. आणि मग तो चीक करडाच्या पोटात जायला पाहिजे! मी आता करडू उभं राहायच्या आत सड पिळून त्यातला चिकाचा बुच काढते, करडाच्या तोंडात सड देते, पहिल्या तासाभरात एकदा तरी पोट भरलेलं बघते, आणि दिवसभरात वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका चीक जाईल असं बघते, म्हणजे ३ किलोच्या करडाला ३०० मिली, थोडा थोडा करून. अशक्त असेल तर बाटलीने. जुळं, तिळं असलं की एक धटिंगण सगळं पिऊन बसतं आणि बारकं नुसतं चोखल्यासारखं करतं, त्याच्या पोटाला हात लावून बघा, रिकामं पोट हाताला लगेच कळतं.

हे सगळं झालं की त्या करडाला पुढचे काही आठवडे आईची छत्री आहे. ती हळूहळू उतरते. म्हणून लस दिलेल्या आईच्या करडाला पहिला डोस ६ ते ८ आठवड्यांचा झाल्यावर आणि दुसरा त्यानंतर ३-४ आठवड्यांनी. आईला लस नसेल, किंवा चीकच मिळाला नसेल, किंवा बाजारातून आणलेलं करडू असेल आणि काहीच माहीत नसेल, तर थांबत बसायचं नाही, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच सुरू करायचं. पण तो लवकरचा डोस मी हिशोबात धरत नाही, तो फुकटचा समजते आणि नंतर पुन्हा दोन पूर्ण डोस देते. तुमच्या डॉक्टरांचं वेळापत्रक वेगळं असू शकतं, काही जण तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून सुरू करतात. तुम्ही खुराक कधीपासून घालता ते त्यांना नक्की सांगा, कारण दूध तोडून खुराक वाढवायच्या आधी दोन्ही डोस होऊन गेलेले पाहिजेत, माझं सगळं गणित त्या एका दिवसापासून मागे मोजत येतं.

दुसऱ्या डोसबद्दल थोडं रागावून लिहिते, स्वतःवर. पहिल्या डोसने शरीराला फक्त ओळख होते. खरं काम दुसऱ्याने होतं, आणि तेही दिल्यावर आठ-पंधरा दिवसांनी. मी पहिल्या वर्षी दुसरा डोस दिलाच नाही. का? कारण बाटली उघडली की ती त्याच दिवशी संपवायची असते, तेव्हा पाच करडांसाठी एवढी मोठी नवीन बाटली फोडायची जिवावर आलं. मग पाच करडांपैकी कोणाचंच संरक्षण झालं नाही, म्हणजे पहिली बाटलीही वाया. आता शेजारच्या दोघी-तिघी मिळून आम्ही एकाच दिवशी देतो, बाटली एकाच फेरीत संपते. हे सगळ्यात उपयोगी पडलेलं डोकं, आणि ते माझं नाही, एका शेजारणीचं आहे.

मोठ्या शेळ्यांना, ज्यांना कधीच दिलेली नाही त्यांनाही तेच, आधी दोन डोस ३-४ आठवड्यांच्या अंतराने आणि मग पुढे. पुढे म्हणजे किती, तर बाटलीवर वर्षातून एकदा लिहिलेलं असतं, आणि इथेच माझा पाऊण स्टार गेला. या लसी आधी मेंढ्यांसाठी बनल्या, मेंढ्यांत त्या छान टिकतात, शेळीत ताकद लवकर उतरते. शेळीच्या पोटातला ईटी आतड्यातच जास्त धुमाकूळ घालतो, तिथे रक्तातली ताकद पुरी पडत नाही. म्हणून जास्त खुराकावरच्या शेळ्यांना बरेच डॉक्टर दर ६ महिन्यांनी, काही तर ४ महिन्यांनी द्यायला सांगतात. बाटलीवर हे कुठेच ठळक नाही. माझी एक दुभती शेळी, दोन्ही डोस पूर्ण, नऊ महिने झालेले, तिने मक्यावर ताव मारला आणि दोन दिवस पाण्यासारखी हगत होती, त्यात रक्ताचे धागे. वाचली. डॉक्टर म्हणाले लस नसती तर वाचली नसती बहुतेक. तेव्हापासून मी सहा महिन्यांवर आले, एक डोस व्यायच्या आधी आणि एक त्यानंतर सहा महिन्यांनी.

द्यायची रीत. कातडीखाली. माझ्या बाटलीवर डोस २ मिली आहे, मोठ्या बोकडालाही २ आणि पाच किलोच्या करडालाही २, वजनावर कमी-जास्त करायचं नाही. मी पहिल्यांदा "लहान आहे बिचारं" म्हणून करडांना अर्धा दिला होता, ती शहाणपणाची गोष्ट नव्हती. तुमच्या बाटलीवर जे असेल ते. बाटली आधी हलवायची, ठेवून ठेवून खाली पांढरा गाळ बसतो आणि तोच कामाचा असतो, वरचं पाणी ओढलं तर पहिल्या चार जणांना पाणी आणि शेवटच्या दोघांना सगळा माल. पुढच्या पायाच्या मागे कोपराजवळ किंवा मानेच्या बाजूला कातडी चिमटीत धरून तंबूसारखी वर ओढायची आणि सुई तंबूच्या पायथ्याला आडवी घालायची. इथे एक गोष्ट नक्की होते, माझी तर दर वेळी एकदा तरी होते, सुई तंबूच्या एका बाजूने शिरते आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडते, तुम्ही समाधानाने दांडा दाबता आणि लस जाते केसांत. म्हणून दिल्यावर त्या जागी हात फिरवा. केस ओले लागले तर ती लस दिलीच नाही असं धरा. कोरडे केस आणि कातडीखाली छोटीशी फुगी, म्हणजे बरोबर.

सुई प्रत्येक जनावराला वेगळी, आणि बाटलीत खुपसायला एक वेगळी स्वच्छ सुई बुचातच लावून ठेवायची. जनावरात गेलेली सुई पुन्हा बाटलीत घातली की पुढच्या सगळ्यांना गाठी. मांडीवर देऊ नका, करडू लंगडतं आणि उगाच मटणाचा भाग खराब होतो.

थंड ठेवण्याबद्दल. २ ते ८ डिग्री. ही लस गोठली तर गेली कामातून, कितीही हलवा. आमच्याकडच्या जुन्या फ्रिजमध्ये मागच्या भिंतीला बर्फ धरतो, मी बाटली तिथेच सरकवली होती, दुसऱ्या दिवशी तिच्यात बर्फाच्या सुया दिसल्या. फेकून दिली, मन खूप दुखलं. आणि एकदा दुकानातून आणताना त्याने बाटली कागदाच्या पुडीत देऊन टाकली, मी पण घेतली, उन्हातून तासभर आणली. ती द्यायची की नाही यावर घरात अर्धा तास चर्चा. शेवटी दिली नाही. आता जाताना थर्मासमध्ये बर्फाची पिशवी घेऊन जाते, मधे फडका ठेवून, म्हणजे बाटली बर्फाला टेकत नाही.

साइड इफेक्ट, तर गाठ येते. शेळ्यांना ही गाठ जरा जास्तच येते. पहिल्या वर्षी सहा जणींना सुपारीएवढी गाठ आली, कोपराजवळ, काहींची दोन महिने गेली नाही, मी घाबरून दोघींना डॉक्टरांकडे नेलं. ती नुसती लसीची गाठ होती, फोडायची नाही, चोळायची नाही. शेळी दाखवायला किंवा विकायला काढायची असेल तर याचा त्रास होतो, बघणारा म्हणतो हा गळूचा आजार आहे, गाठींचा आजार शेळ्यांत असतोच आणि त्याची भीती बरोबरच आहे. म्हणून मी डावी बाजू ठरवून टाकलीय, कोपरामागेच, म्हणजे सांगता येतं ही लसीची. दुसऱ्या दिवशी अंग गरम, खाणं थोडं कमी, दूध एखाद दिवस कमी, इतपत होतं. अंगावर गांधी, धाप, कोसळणं असं क्वचित होतं पण झालं तर मिनिटांत होतं, म्हणून दिल्या दिल्या लगेच निघून जाऊ नका, अर्धा तास वाड्यातच काहीतरी करत बसा, आणि अशा वेळी द्यायचं इंजेक्शन डॉक्टरांकडून आधीच मागून जवळ ठेवा. मांसासाठी जनावर विकायचं असेल तर बाटलीवरचे थांबायचे दिवस बघा.

कधी द्यायची नाही तेही लिहिते. ताप असेल, हगवण लागलेली असेल, लांबून गाडीतून आणून नुकतीच उतरवलेली असेल, तर चार-आठ दिवस थांबा. जंतांनी पांढरी पडलेली शेळी, डोळ्याची खालची पापणी ओढून बघा, लाल-गुलाबी नसून कागदासारखी असेल, तिला आधी जंताचं औषध, खाणं, मग लस, कारण ज्या अंगात रक्तच नाही ते ताकद कशाने बनवणार. व्यायला आलेल्या शेळीला शेवटच्या आठवड्यात धरून पाडून टोचायला जाऊ नका, चीक तर तयार झालेलाच असतो, नुसता ताण. त्या वेळी राहून गेलंच असेल तर सोडा आणि करडाला लवकर सुरू करा.

खच्चीकरणाचं वेगळं. रबर रिंग लावायच्या दिवशीच लस दिली तर धनुर्वातासाठी ती उशिरा पोचते. दोन डोस होऊन गेल्यावर रिंग लावा. घाई असेल तर डॉक्टर धनुर्वाताचं तयार अँटिटॉक्सिन, म्हणजे विषावरचा तयार उतारा देतात, ते लगेच काम करतं पण दोन आठवड्यांच्या आसपासच टिकतं, ते लसीच्या बदल्यात नाही.

आणि एक गैरसमज. माझ्या नणंदेने लस दिली, करडं तीन आठवड्यांनी हगायला लागली, ती म्हणाली लस बोगस. लेंडीची तपासणी केली तर कॉक्सिडिया, म्हणजे आतड्यातले बारीक परजीवी निघाले. ही लस त्यावर नाही. जंतांवर नाही, न्यूमोनियावर नाही, घाणेरड्या ओल्या गोठ्यावर तर कुठलीच लस नाही. ही लस फक्त त्या तीन नावांवर आहे. तिला तिच्या कामाचे मार्क द्या. आणि लस दिली म्हणून पोतं उघडं ठेवायची परवानगी मिळत नाही, खुराक आठ-दहा दिवसांत मुठी मुठीनेच वाढवायचा.

स्टारचा हिशोब: पाऊण गेला शेळीसाठी नीट न लिहिलेल्या लेबलला, पाव गेला त्या गाठींना. बाटलीच्या आकाराचा स्टार कापणार होते, लहान कळपवाल्याला एवढी मोठी बाटली नको असते, पण शेजारणींमुळे तो प्रश्न सुटला म्हणून सोडून दिला. तीन वेतांत ईटीने एकही करडू गेलं नाही. तेवढ्यात पोतं अजून एकदा लवंडलं होतं, या वेळी मुलाने.

वहीत सगळं लिहून ठेवते, तारीख, बाटलीचा बॅच नंबर, कोणाला, कुठल्या बाजूला. येत्या गुरुवारी काळी आणि तिची बहीण यांचा ११२वा दिवस आहे, शेजारणीला निरोप दिलाय, थर्मास धुऊन उन्हात पालथा घातलाय.